सोंड बसेपर्यंत

सहावी ब मध्ये अठ्ठावन्न मुलं आहेत आणि कार्यानुभवाच्या तासाला ती दुप्पट होतात. इतर बाया या तासाला मुलांना कागदाची होडी करायला लावतात आणि स्वतः वह्या तपासतात. मला ते कधी जमलं नाही. माझ्या तासाला पाणी सांडतं, कात्र्या चालतात, बल्ब पेटतात, एकदा तर खिडकीचा पडदाही पेटला होता. मुख्याध्यापिका म्हणतात, माधवीबाईंचा वर्ग म्हणजे आठवडी बाजार. म्हणू देत. बदलापुरातल्या कात्रपच्या या शाळेत एकवीस वर्षं मी हा बाजार भरवतेय आणि आजवर एकाही मुलाने माझ्या तासाला पोटात दुखतंय म्हणून सुट्टी मागितलेली नाही. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण आता तो उरलेला नाही.

बाजाराला माझे नियम होते. दोन टाळ्या वाजल्या की हात वर आणि तोंड बंद. पाणी फक्त पाणीवाल्यांनी आणायचं, फडकी फडकेवाल्यांनी पिळायची. कुणाचं आधी झालं तर त्याने मिरवायचं नाही, शेजाऱ्याला मदत करायची. आणि सगळ्यात मोठा नियम, अर्धं काम टाकून कुणी उठायचं नाही. बाहेर आभाळ कोसळलं तरी नाही, असं मीच मुलांना म्हणायचे.

हा शेवटचा नियम करिष्मामुळे झाला. मागच्या वर्षी, ती पाचवीत असताना, आम्ही वायर आणि बल्ब जोडत होतो. तिचं जोडून होत आलं होतं आणि तेवढ्यात तिचा काका चंदर तिला न्यायला आला. आत्याची हळद होती. बदलापूर गावातल्या आगरी घरांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तिथे शाळेला कोण विचारतो. पोरगी गेली. तिच्या बल्बचे सुटे भाग दुसऱ्यांनी उचलले आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापला पेटलेला बल्ब घरी घेऊन गेले. करिष्मा दोन दिवस रडली. मी तेव्हाच ठरवलं, यापुढे पाहुणे येवोत नाहीतर साक्षात नवरदेव येवो, माझ्या वर्गातलं पोर हातातलं काम संपवूनच उठेल.

खरं सांगायचं तर मला ती पोरगी फार आवडायची. शिक्षकाने असं आवडतं नावडतं करू नये, पण होतं. प्रश्न अर्धा विचारून झाला की तिचा हात वर. "बाई मी? बाई मी?" तिचे वडील भूपेश जेसीबी आणि टेम्पो भाड्याने द्यायचे, एक्केचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस. पालकसभेला येऊन मागच्या बाकावर बसायचे आणि गुण विचारायचे नाहीत. एकदा म्हणाले, "बाई, हिने घरचा पंखा खोलला. परत जोडला पण. दोन स्क्रू उरले, तरी फिरतोय." सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून विसरले नाही.

यंदा गणपतीच्या आधी मी शाडूच्या मूर्तींचा घाट घातला. अठ्ठावन्न मुलं, अठ्ठावन्न मूर्ती, प्रत्येकाची ज्याच्या त्याच्या घरी बसणार. माती भूपेशनीच पेणहून टेम्पोतून आणून दिली, एक पैसा न घेता. गोण्या उतरवताना म्हणाले, "बाई, यंदा आमच्याकडं करूचाच गणपती बसनार. आईला सांगून टाकलाय, कारखान्यातून आनायचा नाय." करू म्हणजे करिष्मा. ती शेजारी उभी राहून गोण्या मोजत होती.

तो गुरुवार होता. जोडतास. चतुर्थीला तेरा दिवस होते. सकाळपासून वर्गात जे चाललं होतं ते बघून बाहेरच्या माणसाने कानाला खडा लावला असता. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं, बादल्या, गोळे, आणि सगळ्यांचे गुडघे पांढरे. पुष्करने पोट एवढं मोठं केलं की गणपती पुढे पडायला लागला, मग त्याने मागे शेपटासारखा टेकू लावला. मी म्हटलं, "करायला गेला गणपती आणि झाला मारुती." सगळा वर्ग हसला आणि पुष्कर सगळ्यांत जास्त हसला. यज्ञेशला उंदीर एवढा आवडला की त्याने पाच केले. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत होते, इथे पाणी कमी कर, तिथे मान जाड कर, तू दुसऱ्याच्या डोक्यावर टपली मारू नको. या तासाला मी वयाने वीस वर्षांनी लहान असते.

सोंड हा सगळ्यांत अवघड भाग. सोंडेची वळकटी पातळ चिखलाने चेहऱ्याला चिकटवायची आणि पकड येईपर्यंत खालून बोटाने धरून ठेवायची. बोट आधी काढलं की सोंड गळून पडते आणि जाताना चेहराही घेऊन जाते. त्या दिवशी पंधरा-वीस मुलांचा असा चेहरा गेला होता आणि वर्गात रडारड सुरू होती. करिष्माची मूर्ती मात्र बघत राहावी अशी झाली होती. सोंड लावून तिने खाली बोट धरलं होतं आणि जीभ दातात धरून बसली होती.

तेव्हा वेणूमावशी दारात आल्या. वेणूबाई आमच्या शाळेत शिपाई आहेत, गेटचं रजिस्टर त्यांच्याकडे असतं. हल्ली पालकांना गेटच्या आत सोडत नाहीत, निरोप मावशींमार्फत येतो. त्या म्हणाल्या, "बाई, करिष्माला न्यायला तिचा काका आलाय. घरी पाहुणे आलेत म्हणे."

पाहुणे. मला मागच्या वर्षीचा तो सुटा पडलेला बल्ब आठवला आणि माझं डोकं फिरलं. करिष्माने काकाचं नाव ऐकलं होतं. ती उठली. एक बोट सोंडेखाली तसंच ठेवून, वाकून, अर्धी उभी. "बाई, काका आलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बस खाली. सोंड बसेपर्यंत उठायचं नाही. पाहुणे कुठे पळून जात नाहीत." आणि मावशींना म्हटलं, "दहा मिनिटं थांबायला सांगा त्याला."

ती बसली.

मावशी पुन्हा आल्या तेव्हा मी यज्ञेशच्या पाचव्या उंदरापाशी होते. "बाई, तो आत्ताच पाठवा म्हणतोय." मी म्हटलं, आले, आले. करिष्माची सोंड तोवर घट्ट बसली होती. मी तिची पाठ थोपटली, मूर्ती उचलून फळीवर ठेवली. आणि मग तिला नळावर पाठवलं. ती हात नुसते ओले करून पळत होती, मी ओरडले, "नखातली माती काढ आधी. पाहुण्यांसमोर असे हात घेऊन जायचं का?" तिने साबण लावून हात धुतले. मी तिथे उभी राहून नखं तपासली. दहाही.

दुपारी चार वाजता ऑफिसात कळलं, करिष्माचे वडील गेले. सकाळी साइटवर छातीत कळ आली, स्टेशनच्या पलीकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली, पण शुद्ध होती. ते एकच म्हणत होते, करूला आणा. म्हणून भाऊ मोटारसायकल घेऊन शाळेत आला होता. गेटवर त्याने खरं कारण सांगितलं नाही. आपल्याकडे वाईट बातमी तोंडाने उच्चारत नाहीत, त्यातून लेकराच्या कानावर जाईल म्हणून आणखी झाकतात. कुणी अत्यवस्थ असलं तरी पाहुणे आलेत म्हणायचं, ही जगाची रीत. ही रीत मलाही माहीत होती. माझ्या आईच्या वेळी मलाही असंच बोलावलं होतं.

मी मावशींकडून गेटचं रजिस्टर मागून घेतलं. चंदर आला अकरा अठराला. करिष्माला घेऊन बाहेर पडला अकरा चौतीसला. भूपेश गेले पावणेबाराला, काका-पुतणी स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीत असताना. दवाखाना गाठायला त्यांना आणखी सहा-सात मिनिटं लागली. हा हिशोब मी त्या दिवसापासून किती वेळा केला असेल, दर वेळी उत्तर तेच येतं. पाठवा म्हटल्याबरोबर मी पाठवलं असतं तर बापाने लेकीला पाहिलं असतं. हात धुण्यात गेलेली मिनिटं तेवढी वाचली असती तर कदाचित नाही. पण कदाचित हो.

वेणूमावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही काय मुद्दाम केलंत? तुम्हाला काय माहीत. गप राहा, कुणाला काही सांगू नका." मावशींचं काळीज मोठं आहे. मलाही गप राहायचंच होतं. मी स्वतःला समजावलं की आत्ता त्या घरात जाऊन हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांचं दुःख ओसरू दे, मग बघू. खरं कारण एवढंच की मी घाबरले होते.

दुसऱ्या आठवड्यात मुलांनी मूर्ती रंगवल्या. सत्तावन्न घरी गेल्या, एक फळीवर राहिली. सुतकाच्या घरी गणपती कुठून जाणार. मावशींनी विचारलं, हिचं काय करायचं, तर मी बादलीत पाणी घेऊन ती हाताने विरघळवली. वर्ग सुटल्यावर, दार लावून. सोंड सगळ्यांत शेवटी सुटली. मी चांगलं शिकवलं होतं.

नवव्या दिवशी ऋतिका माझ्या टेबलाशी आली. ती करिष्माच्या शेजारी राहते. तिला काही लपवायचं नव्हतं, तिने सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं. "बाई, करिष्माची आजी तिला सारखी बोलते. बोलते, बाप दाराकडे बघत होता आणि तू मातीत खेळत बसलीस. करिष्मा बोलते, मी उठलेली, बाईंनी मला बसवलं. तर आजी बोलते, बाईंवर ढकलू नको, मास्तरीण असं करणार नाही. करिष्मा जेवत पण नाही नीट." मग तिने विचारलं, "बाई, तुम्ही बसवलेलं का तिला?"

वर्ग गप्प झाला. दोन टाळ्या न वाजवता. काही मुलं त्या दिवशी करिष्माच्याच गटात होती, त्यांनी पाहिलं होतं. पुष्कर माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "जा जागेवर."

एवढंच म्हणाले. ऋतिका गेली. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिली, ती आधीच लिहिलेली होती.

रात्रभर काही केल्या झोप आली नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी दहावं होतं. मी रजा टाकली आणि बदलापूर गावात गेले. गल्लीगल्लीत मखरांचं थर्माकोल आणि झिरमिळ्या लागत होत्या, स्पीकरची चाचणी चालली होती, आणि मध्येच भूपेशच्या अंगणात निळी ताडपत्री बांधलेली. पुरुषमंडळी नुकतीच नदीवरून परतली होती. चंदरने डोकं भादरलेलं, मी त्याला आधी ओळखलंच नाही. त्याने मात्र लगेच उठून खुर्ची दिली. "बाई आल्या," असं आत सांगितलं. कुणीतरी पाणी आणलं. मी ते न पिता तसंच ठेवलं.

आत ओटीवर करिष्माची आजी ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. आई आतल्या दाराशी, पदर डोक्यावर. करिष्मा आईच्या मागे होती. दहा दिवसांत पोरीचा चेहरा लहान झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

ठमाबाई म्हणाली, "बसा बाई. पोरगी सारका तुमचाच नाव घ्यायची. माजा भूपेश पन बोलायचा, बाई चांगल्या हायेत." मग तिचा आवाज चढला. "पन ही बगा. बापानी डोला मिटला नाय शेवटपरत, दाराकडं लावलेला. आन् ही तिथं गनपती करत बसली. काका गेटवर उबा, आन् हिला गनपती. आता बोलते बाईंनी बसवलं."

"मीच बसवलं," मी म्हणाले.

ठमाबाईला ते कळलं नसावं. ती बोलतच राहिली. मी पुन्हा म्हणाले, "आजी, तिचं खरं आहे. काकाचं नाव ऐकल्याबरोबर ती उठली होती. मला वाटलं घरी पाहुणे आलेत. मी तिला खाली बसवलं आणि चंदरला थांबवून ठेवलं. नंतर हात धुवायला लावले, तेही मीच. तिने काही केलं नाही."

चंदर दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "मी पन खरं सांगाया पायजे होता गेटवर." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. करिष्माची आई माझ्याकडे बघत होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात एकच प्रश्न होता, की दहा दिवस तू कुठे होतीस. ठमाबाईने पदर तोंडाला लावला. मग तिने नातीकडे हात केला. "ये गो. ये माज्याकडं."

करिष्मा गेली नाही. ती आईच्या मागून पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उभी राहायची तशी सरळ, फक्त हात वर नव्हता.

"बाई, काल ऋतिकाने तुम्हाला विचारलं ना?"

मी मान हलवली.

"ती बोलली, बाईंनी काही सांगितलं नाही. जागेवर जा बोलल्या." ती शब्द जुळवत होती. "मग मला वाटलं, मी उठलेच नव्हते. आजी बोलते तेच खरं. मला नुसतं वाटतंय की मी उठलेले. रात्री मी आठवून आठवून बघितलं, तर मला मी बसलेलीच दिसायला लागले."

अकरा वर्षांच्या पोरीला तिच्या बापाबद्दलची एक खरी गोष्ट उरली होती, की बोलावणं आलं तेव्हा ती उठली. दहा दिवस सगळ्या घराविरुद्ध ती तिने एकटीने धरून ठेवली होती, आणि मी माझी लाज झाकायला दोन शब्दांत तीही तिच्या हातातून काढून घेतली. मी तिच्यासमोर खाली बसले. माफ कर म्हणायला गेले, पण तिला माफी नको होती, तिला साक्ष हवी होती.

"उठली होतीस," मी म्हणाले. "मी पाहिलं. तू उठली होतीस, करिष्मा."

तिने विचारलं, "पूर्ण उठलेली?"

मी खोटं बोलले नाही. आता काय खोटं बोलायचं. "अर्धी. तू वाकून उभी होतीस. 'काका आलाय' म्हणालीस. पुढचं मी होऊ दिलं नाही."

तिने मान हलवली, दोनदा, जणू तिच्या हिशोबाशी माझा हिशोब जुळला होता. मग ती भिंतीकडे वळली आणि रडायला लागली. आई धावली. नंतर चंदरनेच मला सांगितलं, बाप गेल्यापासून पोरगी रडलीच नव्हती.

मी तिच्याजवळ जाऊ शकत नव्हते. ज्या हातांनी मी एकवीस वर्षं मुलांचे डोळे पुसले ते हात मी मांडीवर ठेवून बसले, आणि बाहेर ताडपत्रीखाली बसलेल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात पुन्हा एकदा सांगितलं, की पोरगी उठली होती.